जालन्याचे पाणी आणि सरकारी खजिना

श्रोतेहो, मराठवाड्यात एक जुनी म्हण आहे : ‘जालना, सोने का पालना’. कापसाची, धान्याची व सराफीची मोठी पेठ म्हणून जालन्याची जी ख्याती होती, तिच्यातून ही म्हण निघाली. पाळणा सोन्याचा असला तरी त्यातल्या बाळाला तहान लागतेच. या नगराने व त्याच्या भोवतालच्या मुलखाने तहान कशी भागविली, त्यासाठी वेळोवेळीच्या राज्यकर्त्यांनी आपल्या खजिन्यातून काय खर्चिले, आणि त्या खर्चातून सृष्टीचे रक्षण कितपत झाले, याचा थोडासा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे. विषय पैशाचा असला तरी आकड्यांच्या राशी मी ओतणार नाही. पैसा कोणत्या कामाला मिळाला आणि कोणत्या कामाला मिळाला नाही, एवढेच आपण पाहू.

प्रथम भूमीचे रूप ध्यानात घेऊ. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतून वेगळा काढण्यात आला. दक्षिणेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. मधल्या भागातून दुधना जाते. उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादच्या बाजूला पूर्णेचे खोरे आहे. आणि खुद्द जालना नगर कुंडलिकेच्या काठी वसले आहे. नद्यांची नावे ऐकून कोणास वाटेल की हा सजल प्रांत असावा. परंतु येथे पाऊस वर्षाकाठी सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटर पडतो, आणि तोही लहरी. जमिनीखाली काळा पत्थर आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत जेवढे पाणी मुरेल तेवढेच विहिरीला लागते. त्याखाली पाण्याचा मोठा साठा नाही. वनाच्छादन तर इतके विरळ की जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा जेमतेम शंभरावा भाग त्याखाली येतो. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे म्हटले, आणि १९८८ च्या नीतीनेही तोच संकल्प पुन्हा उच्चारला. त्या संकल्पाच्या मानाने हा जिल्हा किती मागे आहे, हे निराळे सांगावयास नको.

अशा मुलखात पाणी अडविणे ही राजसत्तेची जबाबदारी आहे, हे जुन्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. जालन्याचा मोती तलाव मोगल अमदानीतील जमशेदखान या अधिकाऱ्याने बांधविला, असे सांगतात. तलाव नगराबाहेर असून तेथून भूमिगत नळांनी पाणी शहरातील हौदांत खेळविलेले होते. पुढे निजामी राजवटीत कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय झाला, आणि त्याचे पाणी उतारानेच, कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून, शहरात येऊ लागले. या दोन्ही कामांतील एक समान गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाणी जवळचे होते. नागरिक ते पाहू शकत असे. त्याचा काठ फुटला किंवा त्यात गाळ भरला, तर चार लोकांच्या दृष्टीस पडत असे. राज्य एकतंत्री होते, प्रजेला दाद मागण्याची वाट अरुंद होती, हे सर्व खरे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तथापि जलस्रोत व वस्ती यांचा डोळ्यांचा संबंध होता, ही गोष्ट नाकारता येत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. नव्या राज्याची उमेद मोठी होती. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठण येथे जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. मराठवाड्याच्या शेतीला व शहरांना या धरणाने दिलेला आधार कोणी विसरू नये. धरणाच्या उथळ, विस्तीर्ण पाण्यावर देशोदेशींचे पक्षी उतरू लागले, म्हणून १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्यही जाहीर झाले. माणसासाठी साठविलेल्या पाण्याने पाखरांनाही आश्रय दिला, हा या इतिहासातील एक सुखद भाग होय.

मध्यंतरी १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनातून तो कधीच गेला नाही. लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या, नाला-बंडिंगच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेली. याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदारांनी व्यवसाय कर भरावा आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, ही त्यामागील योजना होती. आपल्यापैकी ज्यांच्या पगारातून हा कर कापला जातो, त्यांनी हे नाते जाणून घ्यावे. या योजनेने माणसे जगविली, आणि तिच्याच मजुरीतून मृद्संधारणाची असंख्य कामे उभी राहिली. पण तिच्यात एक उणीव होती. काम निघे ते माणसाच्या भुकेसाठी. बांधाची निकड हे त्याचे कारण नसे. पाऊस पडला की मजूर शेताकडे वळे, हजेरीपट बंद होई, आणि अर्धामुर्धा बांध पुढच्या दुष्काळाची वाट पाहत बसे. पूर्ण झालेल्या बांधालाही धनी उरत नसे. सरकारचे म्हणणे, काम झाले. गावाचे म्हणणे, काम सरकारचे.

पुढे खाती वाढली. भूजलाचे सर्वेक्षण करणारी यंत्रणा १९७२ सालीच स्थापन झाली होती. १९८५ साली राज्याने स्वतंत्र पर्यावरण विभाग निर्माण केला. २०२० साली त्याच्या नावास ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले गेले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी ‘माझी वसुंधरा’ हे पंचमहाभूतांवर आधारलेले अभियान निघाले. मात्र नावावरून फसू नये. सृष्टिरक्षणाचा मोठा पैसा पर्यावरण विभागाच्या पेटीत नसतो. तो मृद व जलसंधारण, वने, कृषी आणि रोजगार हमी अशा निरनिराळ्या पेट्यांतून वाहतो. त्यामुळे एकाच नाल्यावर तीन खात्यांच्या तीन फायली चालू राहतात, आणि नाला कोरडा का, या प्रश्नाला तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत सरकारने वृक्षलागवडीचे संकल्प केले : प्रथम २ कोटी, मग ४, मग १३, आणि शेवटी ३३ कोटी रोपे. आकडा दरसाल चढत गेला. परंतु रोप लावण्याचा एक दिवस असतो, आणि ते जगविण्याचे तीन उन्हाळे असतात. जालन्यासारख्या जिल्ह्यात खरी परीक्षा त्या तीन उन्हाळ्यांची आहे.

आता पुन्हा शहराकडे येऊ. शहर वाढले, लोखंडाचे कारखाने व बियाण्यांचा उद्योग यांनी त्याला नवे वैभव आणले. जवळचे पाणी अपुरे पडले, म्हणून गोदावरीवरील शहागडहून पाणी आणले गेले. तेही पुरेना, तेव्हा थेट पैठणहून जायकवाडीचे पाणी नळाने आणण्याची योजना झाली. दरम्यान घाणेवाडीत वर्षानुवर्षे गाळ साचत राहिला. मोती तलावापासून पैठणपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते : प्रत्येक पिढीत शहराचे पाणी अधिकाधिक दूर गेले, आणि प्रत्येक पिढीत ते अधिकाधिक महाग झाले. २०१२-१३ च्या अवर्षणात, राज्यातील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना झाली, तेव्हा शहर टँकरच्या रांगेत उभे राहिले. त्या सुमारास काही नागरिक व कारखानदार एकत्र आले आणि त्यांनी वर्गणीच्या पैशातून घाणेवाडीचा गाळ उपसावयास आरंभ केला. शेतकऱ्यांनी तो आपल्या खर्चाने वाहून नेऊन हलक्या जमिनीवर पसरला. तलाव खोल झाला आणि शेत सुपीक झाले. पुढे २०१७ साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने अशीच योजना काढली.

याच जिल्ह्यात दुसरे उदाहरण कडवंचीचे आहे. जालना तालुक्यातील हे गाव. स्विस धर्मोपदेशक फादर हरमन बाखर यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात ते आले; पैसा जर्मन सरकारचा, व्यवस्था नाबार्डची, आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे व खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे. १९९६ पासून सुमारे सहा वर्षे काम चालले. खर्च एक कोटी रुपयांहून थोडा अधिक झाला. सरकारी हिशेबात ही रक्कम फार मोठी नव्हे. पण अट अशी होती की गावाने आधी श्रमदान करावे, मोकाट चराई व वृक्षतोड थांबवावी, आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे व्हावे. म्हणजे आधी टेकडीवरचे चर, मग शेताचे बांध, आणि शेवटी नाल्यावरचे बंधारे. वरचे पाणी वरच अडले की खालच्या बंधाऱ्यात गाळ येत नाही, हे साधे शास्त्र तेथे पाळले गेले. २०१२ च्या अवर्षणात भोवतालचे शिवार करपत असता कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या, हे सर्वांनी पाहिले.

मात्र येथेही एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. पाणी वाढले तशा द्राक्षबागा वाढल्या, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी वाढली, आणि पुष्कळ ठिकाणी ती तळी पावसाने न भरता विहिरीच्या पाण्याने भरली जातात. जमिनीत मुरलेले सर्वांचे पाणी उपसून एकाच्या तळ्यात ठेवले, तर ते संधारण नव्हे, ती वाटणी होय. आणि वाटणीला नियम लागतात. २०१६ साली राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून अनुदान दिले. भूजलाच्या नियमनाचा कायदाही राज्याने केला आहे, तथापि तळ्याला अनुदान जितक्या तत्परतेने पोहोचते तितक्या तत्परतेने नियम विहिरीपर्यंत पोहोचत नाही.

शेवटी राज्याच्या सर्वांत मोठ्या प्रयोगाकडे वळू. डिसेंबर २०१४ मध्ये ‘जलयुक्त शिवार अभियान’ जाहीर झाले. राज्यभर नाले खोल झाले, बंधारे बांधले गेले, पुष्कळ गावांनी उत्साहाने भाग घेतला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांतील १२० गावांची तपासणी केली व त्यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. त्या सहा जिल्ह्यांत जालना नव्हता. पण निष्कर्ष जालन्याने वाचावा असाच होता. ९,६३३ कोटी ७५ लक्ष रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यावर व दुष्काळाची झळ कमी करण्यावर त्याचा परिणाम अल्प झाला, असे अहवालाने म्हटले. २०१८ साली पाऊस कमी झाला होता, हे अभियानाच्या समर्थकांचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. परंतु त्या अहवालातील एक आक्षेप पावसावर ढकलता येत नाही : उभारलेल्या कामांच्या देखभालीसाठी व दुरुस्तीसाठी पैशाची तरतूदच करण्यात आली नव्हती. जानेवारी २०२३ पासून अभियानाचा दुसरा टप्पा सुरू करण्यात आला. त्याचे मोजमाप बांधलेल्या बंधाऱ्यांवरून करावे की पाच वर्षांनंतर टिकलेल्या बंधाऱ्यांवरून, हे नागरिकांनी ठरवावयाचे आहे.

श्रोतेहो, या इतिहासाचा अर्थ सरकारने खर्च केला नाही, असा नव्हे. खर्च पुष्कळ झाला. पण आपल्या अंदाजपत्रकाला नव्या कामाचा सोस आहे आणि जुन्या कामाची आठवण नाही. नव्या कामाला नारळ फुटतो, कोनशिला बसते. गाळ काढण्याला कोनशिला नसते. हा दोष केवळ मंत्र्यांचा किंवा अधिकाऱ्यांचाही नाही. नळाला पाणी आले की ते कोठून आले हे न विचारण्याची सवय आपणा शहरवासीयांना लागली आहे, आणि न विचारलेल्या गोष्टीवर कोणतेही सरकार पैसा खर्च करीत नाही. यापुढे अंदाजपत्रकाच्या दिवशी वर्तमानपत्र हाती येईल तेव्हा नव्या योजनांचे मथळे वाचून झाल्यावर एक ओळ शोधावी : गेल्या वर्षी जे बांधले, ते राखण्यासाठी यंदा किती ठेवले? ती ओळ सापडली नाही, तर तिच्याविषयी विचारणा करण्याचा हक्क करदाता म्हणून आपणास आहे. जालन्याचा पाळणा सोन्याचा राहो वा न राहो. मोती तलाव व घाणेवाडी यांच्या पोटात गाळाऐवजी पाणी राहावे, एवढी काळजी वाहणे आपल्या आवाक्यातले आहे.