गासड्यांची मोजणी

वरळीच्या बीडीडी चाळी कापसावर उभ्या राहिल्या, असे म्हटले तर विद्यार्थी हसतील. पण त्यात तथ्य आहे. 1920 साली मुंबई सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते काढले. कामगारांसाठी घरे बांधण्याच्या खर्चाकरिता मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. कर घ्यायचा म्हणजे गासड्या मोजणे आलेच.

बंदरात अशी मोजणी कितीतरी आधीपासून होत होती. कोणता माल, किती वजनाचा, किती किमतीचा, कोठून आला आणि कोठे चालला, या जकातीसाठी केलेल्या नोंदींचे वार्षिक तक्ते छापले जात. त्यांचा मूळ हेतू करवसुलीचा. परंतु आपला माल कोठे खपतो आणि कोठे खपू शकेल, हेही त्यांतून कळते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि त्यांच्या जाड्याभरड्या सुताला चीनमधल्या हातमागांवर मोठे गिऱ्हाईक मिळाले. 1880 नंतरच्या तक्त्यांत चीनकडे जाणाऱ्या सुताचा रकाना फुगत गेलेला दिसतो. तेवढाच रकाना वाचणाऱ्याला वाटेल, आणखी चात्या बसवाव्यात!

पण त्याच वहीत दुसरे पान होते. नोव्हेंबर 1893 मध्ये 'निप्पॉन युसेन कैशा' या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. मुंबईचा कच्चा कापूस जपानला अधिकाधिक जाऊ लागला. तिथल्या गिरण्या त्याचे सूत कातून चीनलाच विकत होत्या. 1897 मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीहून जास्त झाली. म्हणजे आपली कापसाची वाढती निर्यात हीच आपल्या सुताच्या प्रतिस्पर्ध्याची खबर होती. दोन्ही पाने शेजारी ठेवली तरच ती वाचता येते.

तक्ता 'काय घडले' ते सांगतो; 'का घडले' ते बाहेर शोधावे लागते. 1893 मध्येच हिंदुस्थान सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणे बंद केले. चीनचा व्यवहार चांदीत चाले, त्यामुळे तिथे आपले सूत महाग पडू लागले. ही गोष्ट गासड्या मोजून कळली नसती.

पहिल्या महायुद्धानंतर चीनची बाजारपेठ जवळजवळ हातची गेली. 1925 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. रकान्यातली घट अशी कामगाराच्या चुलीपर्यंत पोचते. 50,000 खोल्यांची योजना होती. प्रत्यक्षात 207 चाळींवर काम थांबले, आणि वरळीच्या अनेक खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या.

आज जगभर मालाला सहा आकडी सांकेतिक क्रमांक असतात; 1988 पासून ही पद्धत लागू आहे. त्यातले 52 वे प्रकरण कापसाचे. त्यामुळे कोणता देश काय घेतो, हे ताडून पाहता येते. मात्र निर्यात करणारा देश बंदरातली किंमत लिहितो, तर आयात करणारा बहुधा त्यात जहाजभाडे व विमाही धरतो. म्हणून एकाच मालाचे दोन आकडे जुळत नाहीत.

वर्गात एखादा माल घेऊन विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. हा माल कोण घेतो? त्याचा कच्चा माल आपल्याकडून कोण नेतो? किंमत वाढली ती वजन वाढल्याने की भाव वाढल्याने? संधी पहिल्या प्रश्नात दिसते, धोका बहुधा दुसऱ्यात दडलेला असतो, आणि तिसरा आपल्याला फसण्यापासून वाचवतो.