एका गडाची तीन नावे

साताऱ्यात पोवई नाक्यावर उभे राहा, राजवाड्यासमोर उभे राहा, नाही तर एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत बसा. मान जरा वर केली की अजिंक्यतारा दिसतोच. घराला आढे असावे तसा हा डोंगर शहराच्या दक्षिण अंगाला आडवा पसरलेला आहे. पाऊस कुठवर आला, हे जुने सातारकर अजूनही गडाकडे बघून सांगतात. गडाच्या माथ्यावर उभे असलेले प्रक्षेपणाचे मनोरे तर रात्रीसुद्धा लाल दिव्यांनी आपली जागा दाखवत असतात.

रायगडावर किंवा राजगडावर जायचे तर मुद्दाम प्रवास करावा लागतो. अजिंक्यताऱ्याचे तसे नाही. पहिल्या दरवाजाजवळ मोटार पोहोचते. सकाळी फिरायला जाणारी माणसे गड चढतात, मंगळाईला नमस्कार करतात आणि कचेरीच्या वेळेला खाली येतात. जी वस्तू रोज दिसते तिच्याकडे आपण नीट बघत नाही. या गडाचे थोडेसे तसेच झाले आहे.

मी काही इतिहासाचा पंडित नाही. कविता लिहिणारा माणूस आहे, म्हणून माझे लक्ष पहिल्यांदा जाते ते शब्दांकडे. या गडाला निदान तीन नावे मिळाली. सातारा, आझमतारा आणि अजिंक्यतारा. तटाचे, बुरुजांचे आणि दरवाजांचे मिळून सतरा आकडे होतात म्हणून सातारा, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. ती खरी की नंतर जुळवलेली, हा वाद बाजूला ठेवू. मात्र पुढच्या दोन नावांमागे काय घडले ते ठाऊक आहे, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

गड शिलाहार राजा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे मानले जाते. पुढे तो बहमनींकडे आणि त्यांच्यानंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आदिलशाहीने या गडाचा उपयोग मुख्यतः तुरुंग म्हणून केला. दरबारात जे माणूस नकोसे होई त्याची रवानगी साताऱ्याला होई. अशी आलेली सर्वांत मोठी कैदी म्हणजे चाँदबीबी. १५८० मध्ये अली आदिलशहा वारला. गादीवर इब्राहीम हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा बसला आणि त्याची पालक म्हणून चाँदबीबी कारभार पाहू लागली. किश्वरखान नावाच्या सरदाराला ते खुपले. त्याने तिला पकडून साताऱ्याच्या गडावर ठेवले. पण त्याचा डाव फार दिवस टिकला नाही. त्याला पळून जावे लागले आणि चाँदबीबी सुटून विजापूरला परतली. पुढे अहमदनगरच्या तटावर मोगलांशी लढलेली आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारली गेलेली ती हीच चाँदबीबी. नगरची चाँदबीबी सगळ्यांना माहीत असते. ती साताऱ्यातही राहून गेली, हे मात्र पुष्कळ सातारकरांच्या गावी नसते.

२७ जुलै १६७३ रोजी हा गड शिवछत्रपतींच्या ताब्यात आला. त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्या काळात, १६९९ मध्ये, हीच मराठ्यांची राजधानी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब गडाखाली येऊन ठाकला. बादशहा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचा होता. त्याची छावणी उत्तरेला करंजे येथे पडली. शाहजादा आझमचा तळ पश्चिमेला होता. गडावर हवालदार होते प्रयागजी प्रभू. वेढा चार महिन्यांहून अधिक चालला. पलीकडच्या परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे सज्जनगडावरून, परशुराम त्रिंबक गडाला दाणागोटा पोहोचवण्याची खटपट करीत राहिले. त्यातच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले.

एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिला सुरुंग उडाला आणि गडावरची बरीच माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. त्यांत प्रयागजीही होते. पण त्यांना जिवंत उकरून काढले. दुसरा सुरुंग मात्र उलटला. तट आत कोसळायच्या ऐवजी बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवर पडला. त्यात दोन हजारांच्या आसपास माणसे मेली असे सांगतात. ती कुठली होती, बादशहाच्या चाकरीत का आली होती, याची नोंद कोण ठेवणार? फौजेत राजपूत होते, दक्षिणी होते, हिंदू होते, मुसलमान होते. दगड पडताना त्याने कोणाची जात विचारली नसेल.

एवढे होऊनही गड टिकणार नव्हता. अन्न आणि माणूसबळ संपत आले होते. २१ एप्रिल १७०० रोजी किल्लेदार सुभानजीने बोलणी करून गड दिला. बोलणी आझमच्या मार्फत झाली म्हणून गडाचे नाव पडले आझमतारा. पाठोपाठ परळीही गेली. तिला बादशहाने नाव दिले नवरसतारा. गंमत पाहा, 'नवरस' हा ज्याचा आवडता शब्द, तो इब्राहीम आदिलशहा म्हणजे चाँदबीबीने सांभाळलेला तोच मुलगा.

आझमतारा हे नाव काही वर्षेच चालले. गड परत कसा आला याची हकीकत ग्रँट डफने लिहून ठेवली आहे. हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर साताऱ्यातच राहत होता. अण्णाजीपंत नावाच्या एका मराठी माणसाने फकिराचे सोंग घेतले. गडावर नेमणुकीला चाललेल्या मुसलमान शिपायांच्या तुकडीला वाटेत गोष्टी आणि गाणी ऐकवून त्याने खूश केले. शिपायांनी त्याला बरोबर गडावर नेले. तिथे तो राहिला, गडाची माहिती काढली आणि एके रात्री मावळ्यांना आत घेतले. शिबंदीतला एकही माणूस जिवंत राहिला नाही, असे डफ सांगतो. ताराबाईंनी गडाला नाव दिले अजिंक्यतारा.

ही गोष्ट वाचताना मी दर वेळी थबकतो. गड परत मिळाला याचा आनंद होतोच. तो कोणाही मराठी माणसाला व्हावा. पण त्या शिपायांनी ऐकलेली गाणीही आठवतात. कोणत्या भाषेत गायला असेल अण्णाजीपंत? दख्खनीत, हिंदवीत? त्याला त्यांची भाषा, त्यांची गाणी येत होती म्हणूनच त्यांनी त्याला आपला मानले. लढाई दोन्ही बाजूंची होती, तशी गाणीही दोन्ही बाजूंना कळत होती. इतिहास शिकवताना आपण पहिली गोष्ट सांगतो, दुसरी सोडून देतो.

पुढची हकीकत तर याहून अवघड आहे. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब वारला. अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत वाढलेल्या शाहूराजांची सुटका झाली. त्यांना सोडले ते शाहजादा आझमने, ज्याचे नाव या गडाने काही काळ मिरवले त्याच आझमने. खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेचा पराभव करून शाहूराजे साताऱ्यावर आले. गडावर ताराबाईंचे प्रतिनिधी परशुराम त्रिंबक ठाम होते. गडाचा हवालदार होता शेख मिरा. त्याची बायकामुले वाईला होती. शाहूराजांनी ती ताब्यात घेतली आणि गड दिला नाही तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप धाडला. शेख मिराने प्रतिनिधींना कैद केले आणि दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूराजांचा राज्याभिषेक झाला.

शेख मिराला काय म्हणायचे? ताराबाईंच्या बाजूने पाहिले तर तो फितूर. शाहूराजांच्या बाजूने पाहिले तर खऱ्या धन्याला दार उघडणारा. आणि वाईत तोफेसमोर उभ्या असलेल्या मुलांच्या बाजूने पाहिले तर बाप. पुढे वाईकर शेख मिरांचे घराणे सातारच्या राज्यात सरदार म्हणून नांदले. इंग्रजांनी १८२० मध्ये सातारच्या जहागीरदारांशी करार केले, त्यांतही हे नाव पंतप्रतिनिधी, पंतसचिव, निंबाळकर, डफळे यांच्या बरोबरीने येते. एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. या साऱ्या प्रकरणात दोन्ही बाजू मराठ्यांच्या आहेत आणि गडाच्या किल्ल्या मुसलमान हवालदाराच्या कमरेला आहेत. त्या काळातल्या कोणाला यात नवल वाटले नाही. नवल वाटते ते आपल्याला.

शाहूराजे गडावर रमले नाहीत. गडाखाली त्यांनी पेठा वसवल्या, वाडे बांधले, पाणी आणले आणि आजचे सातारा शहर उभे राहिले. ज्याचे बालपण आणि तारुण्य पहाऱ्यात गेले, त्याला तटाच्या आत राहावेसे वाटले नसेल, असा माझा आपला तर्क. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिने कैदेत त्यांना माया दिली. तिच्या आठवणीसाठी त्यांनी साताऱ्यात मशीद बांधली, असेही सांगितले जाते.

गडाने मात्र तुरुंगाचे जुने काम सोडले नाही. १७४९ मध्ये शाहूराजे वारले. त्यांच्या जागी ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे आणले आणि पेशव्यांशी बिनसल्यावर १७५० मध्ये त्यालाच गडावर अटकेत टाकले. ज्या गडावर एकेकाळी चाँदबीबी कैदी होती, तिथे आता ताराबाई कैद करणारी होती. दोघींनीही मोगलांशी झुंज घेतली, दोघींनाही घरच्यांशी झगडावे लागले. पानिपतची बातमी ऐकून त्याच वर्षी, १७६१ च्या डिसेंबरात, ताराबाई वारल्या. संगम माहुलीला कृष्णेच्या पात्रात त्यांची समाधी आहे.

१८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि चौदा वर्षे झगडून रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला आणि गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले. गडाच्या उतारावरच्या चार भिंती त्या बलिदानाची आठवण देतात.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले की आज शाळेतली मुले गडावर येतात आणि विचारतात, हा गड आपला की त्यांचा? मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला या प्रश्नातले 'आपला' आणि 'त्यांचा' हे दोन्ही शब्द टोचतात. माझी आई मराठीत रागवायची आणि उर्दूत दुवा द्यायची. मी कोणत्या रांगेत उभे राहायचे? गडाला विचाराल तर त्याच्याकडे अशा दोन रांगाच नाहीत. प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून उठले ते इथेच, आणि शेख मिरा बायकामुलांच्या काळजीने तळमळला तोही इथेच. ज्यांनी पहारा दिला, ज्यांनी भूक काढली, जे तटाखाली गाडले गेले, त्या सर्वांचा हा गड आहे.

अजिंक्यतारा हेच नाव टिकले आणि तेच टिकायला हवे होते. ताराबाईंनी ते कमावले होते. पण मुलांना तिन्ही नावे सांगावीत. नाव खोडले म्हणून घडलेले खोडले जात नाही, आणि लढून मिळवलेल्या नावाचे मोलही तेव्हाच कळते, जेव्हा त्याच्या आधीचे नाव माहीत असते. सवड काढून एका संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन गडावर जा. पश्चिमेला यवतेश्वर, नैर्ऋत्येला सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर आणि खाली दिवे लागत असलेले शहर. त्या दिव्यांत वाड्या-देवळांचे दिवे आहेत, मशिदीचेही आहेत. वरून पाहिले की कुठला कोणाचा हे ओळखता येत नाही.