विळा आणि अश्वशक्ती

मराठ्यांच्या मोहिमांत शत्रूइतकीच चिंता असे ती घोड्यांच्या वैरणीची. वैरण आणण्यासाठी निघणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत, आणि मुलखावर बसविलेल्या एका पट्टीचे नावच ‘घासदाणा’ असे होते. घोडा हे त्या काळचे इंजिन आणि गवत हे त्याचे इंधन!

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, इंग्रजी तबेल्यांनाही हा नियम चुकला नाही. एकेका घोड्यामागे एक मोतद्दार आणि गवत आणणारे एक माणूस ठेवण्याची तेथे रीत होती. उत्तर हिंदुस्थानात हे दुसरे काम पुरुष करी. दक्षिणेत ते मोतद्दाराच्या बायकोकडे असे. जमिनीसरशी पसरणारी हरळी, म्हणजे तमिळ लोकांचे ‘अरुगम्पुल’, खुरप्याने खरवडून काढावी लागे. उंच, राठ गवताला विळाच हवा. डाव्या मुठीत मावेल तेवढेच गवत धरावे आणि विळा आपल्याकडे ओढावा. मुठीपलीकडे लोभ धरला की विळा अडकतो.

त्याच मद्रासेत १८४० साली सिम्पसन कंपनी घोडागाड्या बांधू लागली. १९०३ साली तिच्याच कारखान्यात सॅम्युअल ग्रीन यांनी वाफेवर चालणारी मोटार तयार केली. पुढे परकिन्स कंपनीच्या सहकार्याने सेंबियम या उपनगरात डिझेल इंजिने होऊ लागली, आणि १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ‘टॅफे’ ही ट्रॅक्टर कंपनी मद्रासेत स्थापन झाली. घोड्यांसाठी गाड्या बांधणाऱ्या शहरात घोड्याची जागा घेणारे यंत्र घडू लागले.

सुमारे ३५ अश्वशक्तीचा असा लहान ट्रॅक्टर आज गवतही कापतो. दाट, चिवट गवतात कात्रीसारखी सरकणारी पाती गुदमरतात. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे गरगर फिरणारी जड पाती जोडतात. त्यांना फिरविणारा ट्रॅक्टरचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो. इंजिनाचा वेग पडू द्यायचा नाही, मात्र ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये सावकाश चालवायचा; गवत फार माजले असेल तर पहिला हात उंचावरून आणि दुसरा खालून फिरवायचा. घास झेपेल एवढाच घ्यावा, हा विळ्याचाच नियम यंत्रानेही मानला आहे.

मोटारी आल्या, तबेले ओस पडले. गवत कापणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा भारा उतरला, आणि त्याबरोबर तिची मजुरीही गेली. इंजिनाचे बळ मात्र अजून अश्वशक्तीतच मोजतात. रस्त्यावरून गेलेला घोडा मापात उरला; त्याला रोजचा घास आणून देणारी मात्र कोणत्याच मापात उरली नाही.