दुनियादारी
प्रेम, मैत्री आणि त्यांतून उभ्या राहणाऱ्या अवघड निवडींवरचा मराठी चित्रपट. दिग्दर्शक संजय जाधव. प्रदर्शन १९ जुलै २०१३. सुहास शिरवळकर यांच्या याच नावाच्या लोकप्रिय कादंबरीवर तो आधारित असून पटकथा चिन्मय मांडलेकर यांची आहे. काळ १९७०च्या दशकाचा.

कॉलेजात नव्याने आलेला श्रेयस (स्वप्नील जोशी) दिग्याच्या (अंकुश चौधरी) कट्टा गँगमध्ये सामील होतो. शिरीनवर (सई ताम्हणकर) त्याचा जीव जडतो, तर मीनूचा (ऊर्मिला कानेटकर-कोठारे) त्याच्यावर. साईनाथच्या भूमिकेत जितेंद्र जोशी आहेत. सर्वांत चटका लावणारे पात्र मात्र एम. के. श्रोत्री (संदीप कुलकर्णी). बारमध्ये ग्लास पुढ्यात घेऊन बसणारा हा माणूस श्रेयसचा मित्र होतो. पुढे कळते, की श्रेयसच्या आईवर त्याचे प्रेम होते. एका पिढीत अर्धवट राहिलेला निर्णय दुसऱ्या पिढीच्या दारात येतो, आणि चित्रपटाची खरी ताकद इथेच आहे. दिग्याची प्रेमकथाही तितक्याच मायेने रंगवली आहे. उत्तरार्ध काही ठिकाणी भावविवश होतो. कट्ट्यावरचे प्रसंग मात्र अस्सल उतरले आहेत.

प्रेम की घरचा शब्द, हा चित्रपटातला पेच विदर्भाच्या पूर्व टोकालाही ओळखीचा आहे. गोंदिया जिल्ह्यात धानकापणीनंतर, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत रात्रभर रंगणारी झाडीपट्टी रंगभूमीची कौटुंबिक नाटके अशाच कथानकांवर उभी असतात. तिथला प्रेक्षक शेकोटीची ऊब सोडून पहाटेपर्यंत जागतो आणि पात्रांच्या दुःखात मनापासून रडतो.