चिपळूण इथेच का? : चाळीस वर्षे राहिलेला गृहपाठ

आठवीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला लिहिले 'दाभोळ', उजव्या टोकाला 'कुंभार्ली घाट', आणि मध्ये एक ठिपका दिला. "हे आपले चिपळूण. आता सांगा, गाव इथेच का वसले? दोन कोस अलीकडे का नाही, दोन कोस पलीकडे का नाही?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "सर, एस्टी स्टँड इथे आहे म्हणून." सर आधी हसले आणि मग त्याला उभे केले. तास संपला. उत्तर त्यांनी सांगितले नाही. "शोधा," एवढेच म्हणाले.

आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यासाठी स्मरणिका काढायचे ठरले आणि संपादक मंडळाने 'गावाच्या इतिहासावर काहीतरी लिही' म्हणून निरोप धाडला, तेव्हा मला ती फळ्यावरची रेघ आठवली. सर, गृहपाठाला चाळीस वर्षे उशीर झाला आहे. तरी वही तपासावी.

सरांच्या रेघेच्या डाव्या टोकापासून सुरुवात करतो. वाशिष्ठी सह्याद्रीत उगवते आणि दाभोळजवळ समुद्राला मिळते. समुद्राची भरती या खाडीतून सुमारे ४० किलोमीटर आत, थेट गोवळकोटच्या बंदरापर्यंत येते. जुन्या काळी गलबते आणि मचवे याच पाण्यावर वर येत. भरती लागली की शीड उभारायचे, ओहोटी लागली की थांबायचे. गोवळकोटच्या पुढे नदी उथळ होते, खडक लागतात, मोठी होडी चालत नाही. म्हणजे माल इथे उतरवावाच लागे. उतरवलेला माल बैलांच्या पाठीवर चढे आणि कुंभार्लीच्या वाटेने कऱ्हाडकडे जाई. मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर जायची. धान्य, गूळ, मिरची खाली यायची. भरती संपते आणि घाटाची वाट सुरू होते, त्या सांध्यावर बाजार बसला. सरांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर एवढेच आहे. कोकणचे हे एक दार, आणि आपण दारात वाढलेली मुले.

दार ज्याच्या हाती, जकात त्याची. म्हणून या दारासाठी भांडणेही पुष्कळ झाली. खाडीच्या तोंडावरचे दाभोळ बहामनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळून लुटले. पुढे अंजनवेलचा गोपाळगड आणि गोवळकोटचा किल्ला, म्हणजे खाडीची दोन्ही टोके, जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होती. १७२७ साली सिद्दी सातने परशुरामाच्या देवळावर हल्ला केला. ब्रह्मेंद्रस्वामींनी हा घाव विसरू दिला नाही आणि १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला मारले. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी उमेदीच्या काळात चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. मिठाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला घाटावरची आणि घाटाखालची दोन्ही राज्ये कळत असणार, हे आता पटते.

मग आगबोटी आल्या. मुंबईहून माणसे दाभोळला उतरत आणि लहान होड्यांनी खाडीतून वर येत. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा गिरणीत जाण्यासाठी याच वाटेने मुंबईला गेले. पुढे रस्ते झाले, एस्टी आली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. गोवळकोटच्या बंदरावर माल उतरेनासा झाला. बंदर गेले, पण भरती यायची थांबली नाही. ही गोष्ट आपण विसरलो, आणि ती मला पुढे सांगायची आहे.

त्याआधी डोहाकडे वळू. तुम्ही त्याची वाट पाहत असणार, हे मला माहीत आहे.

शाळा सुटल्यावर दप्तरे काठावर टाकून आपण जिथे उड्या मारत होतो, ते पाणी मुळात आपले नव्हते, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होते का? सह्याद्रीपलीकडची कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. कोयनेचे धरण बांधल्यावर त्यातले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवले गेले, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरवले गेले आणि १९६२ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. पुढे कोळकेवाडीचे धरण आणि तिसरा टप्पा झाला. वीज काढून झाल्यावर उरणारे पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीला येऊन मिळते. पश्चिमेकडे असे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवायची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिलेली आहे. कोकणातल्या इतर नद्या चैत्र-वैशाखात खडखडीत होतात आणि आपली नदी ऐन मे महिन्यात अंग शिरशिरावे इतकी गार वाहते, ती यामुळे.

विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "मुंबईत दिवे लागले की आपल्या नदीला पाणी चढते." आपल्याला ती गंमत वाटायची. पण ते शब्दशः खरे होते. कोयनेची वीज मागणी वाढेल त्या वेळी काढतात, म्हणून अवजलही एका मापाने येत नाही. दुपारी गुडघाभर असलेल्या दगडावर संध्याकाळी कमरेइतके पाणी असे. कोणता दगड बुडाला की बाहेर निघायचे, हे आपल्याला मोठ्या मुलांनी शिकवले होते. पोहायला शिकताना पाठीला पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर सुका भोपळा. मुलींना तर तेवढीही परवानगी नव्हती. त्या काठावर कपडे धुवायच्या निमित्ताने येत, आणि त्यांच्यातल्या दोघी आपल्यापेक्षा सरस पोहत हे सगळ्यांनी पाहिले आहे. खाली खाडीकडे मात्र कुणी जात नसे. तिथे चिखलात मगरी ऊन खात पडलेल्या असत. आता त्याच मगरी दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात.

डोहाला नाव असे, खोली ठाऊक असे, भोवरा कुठे धरतो ते ठाऊक असे. पुस्तकात नसलेला हा भूगोल एका पिढीने दुसरीला पाण्यात उभे राहून शिकवला.

उरलेला भूगोल सहलीत शिकलो. गुहागर इथून साधारण ४५ किलोमीटर. व्याडेश्वराचे दर्शन, सुरूच्या सावलीत डबे, आणि मग तो कोसांवर लांब सरळ पसरलेला किनारा. एका वर्षी वेळणेश्वर आणि हेदवीलाही गेलो होतो. हेदवीच्या बामणघळीत खडकाच्या अरुंद फटीतून लाट गर्जत वर उसळली आणि आपल्यातला सर्वांत धीट मुलगा सरांच्या मागे लपला. नाव छापत नाही. तो अध्यक्षस्थानी बसणार आहे.

गुहागरला पाण्यात उतरण्याआधी सरांनी सगळ्यांना वाळूत बसवले आणि विचारले, "आज तिथी कोणती?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी कोकणातल्या कोळ्या-खलाशांचा जुना हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सर्वांत मोठी, तिला उधाण म्हणायचे. "ओहोटी लागली की समुद्रात जायचे नाही, ती ओढून नेते. आणि हेच पाणी काही वेळाने गोवळकोटला पोचणार आहे, हे ध्यानात ठेवा." आपण मान हलवली आणि पाण्याकडे धावलो.

आता २२ जुलै २०२१. आपल्यापैकी जे चिपळुणात होते, त्यांना त्या दिवसाबद्दल मी सांगावे असे काही नाही. मी पुण्यात होतो. पहाटे आईचा फोन आला, "अंगणात पाणी आलंय." सकाळी पुन्हा, "जिन्याच्या चौथ्या पायरीवर आहे." त्यानंतर फोन लागला नाही. त्या दिवशी आणि रात्रभर आई शेजारच्या दोन बायकांबरोबर वरच्या खोलीत होती. वीज नाही, प्यायला पाणी नाही, खाली फ्रिज तरंगत असल्याचा आवाज. बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना पूल खचला. १८६४ पासूनचे आपले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही पाण्यापासून सुटले नाही. आपल्या वर्गातल्या तिघांची दुकाने गेली. त्यातल्या एकाने नंतर मला सांगितले, "मालाचं काय, परत भरता येतो. उधारीच्या वह्या गेल्या. कुणाकडे काय राहिलं ते आता त्यांच्याच मनावर."

पुढे आठवडाभर चिखल उपसताना मी आईच्या घरातल्या ओल्या पंचांगाकडे पाहत होतो. २४ तारखेला गुरुपौर्णिमा. म्हणजे २२ ला सकाळी आषाढ शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट, पावणेदहा. ऐन उधाणाचे दिवस, पावणेदहाच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी भरती, आणि त्यानंतर ती वर आपल्याकडे. रात्रभर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली येत होता आणि समोरून समुद्र आत येत होता. ज्या सांध्यावर गाव वसले, त्याच सांध्यावर दोन पाणी भेटली. पुराची कारणे अनेक आहेत, गाळ आहे, अतिक्रमणे आहेत, त्यावर तज्ज्ञ बोलले आहेत. मी फक्त सरांच्या हिशेबाने काय निघते ते सांगतो आहे.

आणि एक कबुली द्यायची आहे. आईचे ते घर मी बांधले, १९९६ साली, शिव नदीच्या बाजूच्या जमिनीत. आजी तेव्हा हयात होती. ती म्हणाली होती, "ती मळी आहे, तिथे भात लावतात, घर नाही बांधत." मी तिला समजावले की आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, भराव टाकला की झाले. जुन्या घरात ती श्रावण संपेपर्यंत तांदळाचे पिंप माळ्यावर ठेवायची. मला ती सवय वाटली. तो अनुभव होता. भूगोलात मला शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण होते.

पुरानंतर गावकऱ्यांनी साखळी उपोषण केले, २०२२ मध्ये वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ निघू लागला. त्याचा उपयोग होत आहे. पण गाळ यंत्राने निघतो, डोहांची नावे यंत्राने परत येत नाहीत. माझ्या पुतण्याला मी विचारले, नदीत कधी उतरला आहेस का? तो म्हणाला, "पोहायला मी टँकवर जातो, काका." त्याचे काही चुकत नाही. काठावर जायला वाट राहिली आहे कुठे? पण उन्हाळ्यात ज्याने नदीचा तळ पायांनी चाचपला नाही, त्याला पावसाळ्यात ती किती चढेल याचा अंदाज कसा यावा? आपणही तो अंदाज असून विसरलो. त्याला तर तो मिळालाच नाही.

म्हणून मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, एक तास मागतो. सर आणि बाई येणार आहेत, त्यांना घेऊन आपण नदीकाठी जाऊ. ज्याला जो डोह आठवतो, जो दगड आठवतो, पुराचे पाणी ज्याच्या भिंतीवर जिथे पोचले होते, ते सगळे एका मोठ्या कागदावर लिहू. मुलींनी आपल्या काठाची नावे सांगावीत, ती आम्हाला कधीच माहीत नव्हती. तो कागद शाळेला देऊ. भूगोलाच्या वर्गात लावता येईल.

मेळाव्याच्या त्या सकाळची तिथी मी काढून ठेवलेली नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला सर पुन्हा उभे करतील, त्याने ती तयार ठेवावी. तो मुलगा मीच होतो, हे आता सांगायला हरकत नाही.