लेकीच्या शिक्षणाचं कर्ज आणि जामीन कोणाचा?



मागच्या हंगामातली गोष्ट. लाखनीकडच्या एका गटाची बैठक संपली. बचत गोळा झाली, वहीत नोंदी झाल्या, सह्या-अंगठे झाले. सगळ्या उठल्या, पण एक ताई बसूनच राहिल्या. त्यांच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. बँकेत गेल्या तर तिथं सातबारा मागितला. शेत सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे सही करायला तयार नाहीत. ताईंनी आम्हाला विचारलं, "माह्या पोरीच्या शिक्षणाले सासऱ्याचा सातबारा कायले पायजे?"

आम्ही गटांच्या समन्वयक. गटाचं कर्ज, व्याज, हप्ता आम्हाला तोंडपाठ. पण या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हतं. प्रवेशाची तारीख जवळ आली होती. ताईंनी गळ्यातलं डोरलं गहाण ठेवलं आणि पहिल्या वर्षाची फी भरली. उत्तर आम्ही नंतर शोधलं. शोधता शोधता लक्षात आलं की हा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. गरिबाच्या लेकराला शिकायला पैसा द्यायचा तर तो कोणाच्या भरवशावर द्यायचा? आज त्याचीच गोष्ट सांगतो.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. १९५४ साली आपल्या भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले, पण त्या निवडणुकीची आठवण आपल्या जिल्ह्यात अजून निघते. हेच बाबासाहेब त्याच्या चाळीस वर्षं आधी बडोद्याच्या एका कचेरीत करारावर सही करत होते. तारीख होती ४ जून १९१३. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड त्यांना अमेरिकेत शिकायला महिन्याला साडेअकरा पौंड देणार होते, तीन वर्षांसाठी. अट अशी, की शिकून आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. घरी तारण ठेवण्यासारखं काही नव्हतं. संस्थानाने जमीन मागितली नाही, दागिना मागितला नाही. त्या तरुणाची पुढची दहा वर्षं हाच जामीन धरला.

पुढे काय झालं? १९१७ साली बाबासाहेब अट पाळायला बडोद्याला गेले. मोठ्या हुद्द्यावर नोकरी मिळाली, पण जातीमुळे राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परत यावं लागलं. म्हणजे कराराची दहा वर्षं पुरी झाली नाहीत, आणि त्यात शिकलेल्या माणसाचा काही दोष नव्हता. पुढे १९२० साली ते लंडनचं राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले. तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, असा पैसा उभा केला. इकडे घरी रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या. त्या कर्जाच्या कागदावर त्यांचं नाव नसेल, पण भार त्यांच्याही खांद्यावर होताच.

यातून पहिला धडा मिळतो. शिक्षणासाठीचा पैसा मुलाच्या पुढच्या कमाईवर दिलेला असतो. ती कमाई मुलाच्या हातात नसलेल्या कारणानेही अडू शकते. म्हणून परतफेडीचा नियम करताना त्यात सवड ठेवावी लागते.

दुसरी वाट जमशेदजी टाटांनी दाखवली. १८९२ साली त्यांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी सुरू केला. ही देणगी नव्हती, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून कमवायला लागलं की पैसे परत करायचे, आणि ते पुढच्या विद्यार्थ्याला द्यायचे. आपल्या गटाचा फिरता निधी असाच चालतो ना? एकीने फेडलं की दुसरीला मिळतं.

आणि तिसरी वाट बाईच्या अंगावरून गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. सगळ्या जातींची गरीब मुलं साताऱ्याच्या वसतिगृहात एकत्र राहू लागली. धान्य संपलं की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना देत गेल्या, शेवटी मंगळसूत्रही विकलं. त्यांच्याबद्दल आमच्या मनात फार आदर आहे. पण एक सांगावंसं वाटतं. लक्ष्मीबाईंना दागिना मोडावा लागला, कारण तेव्हा गरीब मुलांसाठी दुसरी सोय नव्हती. आज सोय आहे. ती माहीत नसल्यामुळे कोणा बाईचं डोरलं जात असेल, तर त्याला त्याग म्हणून गप्प बसता येत नाही.

ही सोय कशी आली? सरकारने आधी शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. शिष्यवृत्ती म्हणजे परत न करायचा पैसा. स्वतंत्र भारतात १९६३ साली राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना आली. गुणवत्ता असलेल्या गरीब मुलांना बिनव्याजी कर्ज. त्यात एक चांगली गोष्ट होती. शिकून शिक्षक झालेल्याला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. पण वसुली फार थोडी झाली आणि १९९० नंतरच्या काळात ती योजना बंद पडली.

दरम्यान १९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँका गावाकडे आल्या. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली, की तारण नसलेली बाईही कर्ज वेळेवर फेडते. मग २००१-०२ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी शैक्षणिक कर्जाची घोषणा केली. बँकांच्या संघटनेने त्याची आदर्श योजना तयार केली. सगळ्यात महत्त्वाचा नियम तिच्यात आला: चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही. २०१५ पासून सरकारच्या पत हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतचं कर्जही तारणाशिवाय आणि तिऱ्हाइताच्या जामिनाशिवाय देता येतं. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्या यादीतल्या नामांकित संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारणही नको आणि जामीनदारही नको.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं: इतक्या रकमेसाठी सासऱ्यांचा सातबारा लागायला नको होता.

आता कर्ज कोणाला मिळतं? मुलगी किंवा मुलगा भारतीय नागरिक हवा, बारावी किंवा त्या अभ्यासक्रमाला लागणारी परीक्षा पास हवी, प्रवेश गुणवत्तेने किंवा प्रवेश परीक्षेतून झालेला हवा. कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला सरकारी मान्यता हवी. नर्सिंग असेल तर नर्सिंग कौन्सिलची मान्यता आधी बघा. जाहिरातीवर जाऊ नका. कर्जात फक्त फी धरत नाहीत. वसतिगृह, परीक्षा फी, पुस्तकं, गरजेची साधनं हेही धरतात.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. तारण नको म्हणजे सही नको असं नाही. आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतातच. हप्ते थकले तर मुलीबरोबर सही करणाऱ्याचंही नाव सिबिलमध्ये खराब होतं. उद्या आपल्याला कर्ज हवं असेल तेव्हा तेच आडवं येतं. म्हणून "इथं अंगठा लावा" म्हटलं की लगेच लावू नका. कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

परतफेड कधी सुरू होते? साधारण नियम असा, की अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नाही. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं समजू नका. इथंच पुष्कळ घरं फसतात. एक हिशोब करू. समजा मुलीने तीन वर्षांच्या शिक्षणाला दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख, असे तीन लाख घेतले. व्याज समजा शेकडा ९. पहिल्या लाखावर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन वर्षांचं, तिसऱ्यावर दोन वर्षांचं सरळ व्याज, मिळून ८१ हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज तीन लाख नाही, ३ लाख ८१ हजार असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ४,८०० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता सुमारे ३,९०० होतो, पण एकूण लाखाहून जास्त पैसे वर जातात.

हे व्याज थोपवायचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग केंद्राच्या व्याज अनुदान योजनेचा, ती २००९ पासून आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था योजनेत बसत असतील, तर शिकत असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. मग आपल्या हिशोबातले ८१ हजार वाचतात आणि दहा वर्षांचा हप्ता ३,८०० वर येतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यावा लागतो. दाखला कपाटात राहिला तर अनुदानही राहतं. दुसरा मार्ग, शिक्षण चालू असतानाच जमेल तेवढं व्याज भरत जाणं. एक लाखाचं व्याज महिन्याला ७५० रुपये होतं. धानाचा चुकारा आला की थोडं बाजूला काढता येतं. असं व्याज भरलं तर दरात सूट आहे का, आणि मुलींना वेगळी सूट आहे का, हे बँकेत विचारा. पुष्कळ बँका दोन्ही देतात.

आणि नोकरी लागलीच नाही तर? बाबासाहेबांना बडोद्यात खोली मिळाली नाही, तशी आपल्या लेकीला वर्षभर नोकरी मिळणार नाही असंही होऊ शकतं. आदर्श योजनेत अशा काळासाठी हप्ता पुढे ढकलायची तरतूद आहे. पण ती मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते. तीन महिने हप्ता चुकला की खातं थकीत धरलं जातं. म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आत बँकेत जा. तोंड लपवू नका. गटात हप्ता चुकणारी बाई बैठकीला आली तर आपण तिला वाट काढून देतो. आलीच नाही तर काय करणार?

कर्जाआधी मात्र शिष्यवृत्ती बघा. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या आहेतच. जेवढी फी माफ तेवढं कर्ज कमी.

बँकेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. तोंडी नकार मानू नका. शाखेच्या वरच्या कार्यालयाकडे जा, जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही त्या ताईंबरोबर हेच केलं. दोघी-तिघी मिळून गेलो, लेखी अर्ज दिला, लेखी उत्तर मागितलं. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी कर्ज मंजूर झालं, सातबाऱ्याशिवाय. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. डोरलं मात्र अजून सुटलेलं नाही. ते सोडवायला गटातून कर्ज द्यायचं असं बैठकीत ठरलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुलं आहेत त्यांची यादी करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँक खातं आताच तपासून ठेवा. प्रवेशाची तारीख आल्यावर धावाधाव केली की सावकाराचं दार सगळ्यात जवळचं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने एका मुलाच्या हुशारीवर भरवसा ठेवला. आज तो भरवसा नियमात लिहिलेला आहे. तो आपल्या लेकीसाठी मागायला लाजू नका.