भिंतीवरचा देव आणि जपानी ठोकळा

मंडळी, सोनारीत बोलायला उभं राहायचं आणि भैरवनाथाचं नाव घ्यायचं नाही, असं कसं होईल? यात्रेहून परतणारा माणूस प्रसादाबरोबर देवाची तसबीरही घरी नेतो. आपण तिला ‘देवाचा फोटो’ म्हणतो. आता देवाचा फोटो काढला कुणी? ते छापलेलं चित्र असतं. आज या छापील चित्राचाच इतिहास पाहू. त्यासाठी आधी जपानला जाऊन यावं लागेल.

एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथे 1765 च्या सुमारास लाकडी ठोकळ्यांवरून अनेकरंगी चित्रं छापणं रूढ झालं. चित्रकार रेखाटन करी, दुसरा कारागीर ते चेरीच्या लाकडावर कोरी, तिसरा छापी, भांडवल प्रकाशकाचं. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा. कागद दर वेळी नेमका बसावा म्हणून ठोकळ्याच्या कडेला खाच ठेवत आणि हातातल्या चकतीने कागद घासत. होकुसाईची प्रसिद्ध लाट 1831 च्या सुमारास अशीच छापली गेली. ही चित्रं शहरातली साधी माणसं विकत घेत. घरातल्या खांबावर लावायला उंच, अरुंद चित्रं तर मुद्दाम निघत. पुढे ती युरोपात गेली आणि तिथल्या दिवाणखान्यांत काचेच्या चौकटीत बसली.

आता आपल्याकडे या. 1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. इथे लाकडाऐवजी दगड होता. दगडावर चित्र काढून छापायचं, म्हणजे शिळाछाप. पण रीत तीच: प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर! जुन्या तसबिरी जवळून बघा, ही चूक कुठे ना कुठे सापडते.

या छपाईने नेमकं काय बदललं? चित्र काढून घेणं ही वाड्यांतल्या लोकांची ऐपत होती. देवळाचं दारही सगळ्यांना उघडं नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 मध्ये सत्याग्रह करावा लागला. छापील तसबीर मात्र विकत घेणाऱ्याला जात विचारत नव्हती. तिने अन्याय मिटवला, असं मी म्हणत नाही. तो मिटवायला माणसांनाच लढावं लागलं. पण ज्या देवाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवू देत नव्हते, तो देव काही आण्यांत घरातल्या खिळ्यावर आला, ही लहान गोष्ट नव्हे.

जपानी चित्रं आज संग्रहालयांत जपतात, उजेडाने रंग उडतात म्हणून मंद प्रकाशात ठेवतात. आपल्या तसबिरीची काच फुटली की आपण ती पिंपळाखाली ठेवतो, नाहीतर नदीत सोडतो. त्यामागची श्रद्धा मला कळते. एवढंच सांगतो, विसर्जनाआधी चित्राची खालची कड वाचा. तिथे छापखान्याचं नाव असेल. दगड घासणाऱ्याचं, रंग चढवणाऱ्याचं नाव मात्र बहुधा कुठेच नसेल. त्यांच्या हातची उरलेली खूण म्हणजे तो कागद. काच नवी घाला, ऊन आणि ओल लागणार नाही अशा भिंतीवर लावा, आणि आजीला विचारा: हा देव आपल्या घरी कधी आला?